झाकण घट्ट लावा

वाटीत ठेवलेला फोन थरथरला आणि सगळं घर खणखणलं.

फोन वाटीत ठेवायची अक्कल माझीच. दुपारी भिंगरी झोपली की फोनचा आवाज बंद करायचा, पण कामाचा फोन तर चुकायला नको. म्हणून स्टीलच्या वाटीत. थरथरला की ओट्यापाशी मला कळेल, आतल्या खोलीत लेकीला कळणार नाही, असा माझा बेत. वाटीला तो बेत कुणी सांगितला नव्हता. मी धावत जाऊन फोन उचलेपर्यंत आतून सासूबाईंचा आवाज आला, "शाळा सुटली वाटतं!" आणि पाठोपाठ भिंगरी बाहेर. एका गालावर उशीच्या घड्या, डोळे मिटलेलेच, पाय मात्र चालते. उगाच नाही तिला भिंगरी म्हणत.

फोनवर मुकादम होते. सुक्या कचऱ्याच्या शेडचे आमचे मुकादम एरवी इतक्या मोठ्याने बोलतात की फोनची गरजच पडू नये. आज कुजबुजत होते.

"मॅडम, धाकटीला सुई टोचली."

"कसली सुई?"

"इंजेक्शनची. वापरलेली. तळहातात गेली आरपार म्हणा ना. तुमच्याच गल्ल्यांच्या गाडीतली."

शेडमध्ये प्रत्येक गाडीचा माल वेगळ्या कप्प्यात ओततात, त्यामुळे कुठला कचरा कुठल्या गल्ल्यांचा हे लपत नाही. आणि त्या गल्ल्या माझ्या. घरोघर जाऊन शिकवायचं हे माझं काम: ओलं कुठलं, सुकं कुठलं, दुधाची पिशवी धुऊन का टाकायची, डायपर कागदात कसा गुंडाळायचा. लोक तोंडावर मॅडम म्हणतात, पाठीमागे कचराबाई. मला दोन्ही चालतं.

"हिला ठेवून जाते," मी सासूबाईंना म्हटलं.

"मुळीच नको. ती आता झोपायची नाही आणि मलाही झोपू द्यायची नाही. ने बरोबर. आईचं ऑफिस बघू दे."

"ऑफिस कसलं, आई. कचऱ्याची शेड आहे."

"मग काय झालं? घरात तरी कुठे राजवाडा मांडून ठेवलाय तिने?"

शेडच्या दाराशी पोचलो तेव्हा माल दाबून गठ्ठे करणारी प्रेस बंद होती. ती बंद असली की तिथली शांतता कानात दडे बसल्यासारखी वाटते. लांब टेबलाशी सगळ्या बायका हातमोजे घालून नुसत्याच उभ्या होत्या. टेबलाच्या टोकाला उलट्या क्रेटवर धाकटी बसली होती. ती वयाने सगळ्यांत लहान म्हणून धाकटी. हाताने मात्र सगळ्यांत चलाख. तळहाताला फडकं गुंडाळलेलं. दुसऱ्या हाताने ती मुकादमांच्या खोलीच्या दाराकडे बोट दाखवत होती. आत कापडाच्या झोळीत तिचं बाळ झोपलं होतं. नुकतं पालथं पडायला लागलेलं.

"उठेल आता," ती म्हणाली. "त्याची वेळ झालीय."

सुईबद्दल एक शब्द नाही.

मुकादमांनी मला बाटली दाखवली. साधी सरबताची, कुणाच्याही घरी असते तशी. तळाशी अजून काही सुया उरलेल्या, बाकीच्या टेबलावर सांडलेल्या. आणि शेजारी झाकण.

"असं झाकण जन्मात पाहिलं नव्हतं, ताई," धाकटी मला म्हणाली. "शिवून टाकल्यासारखं. मी बाटली गुडघ्यात धरली, ओढणीने पकडून पिळलं, तर हललं म्हणता हललं नाही. मग एकदम निघालं. बाटली उडाली, आणि हे."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. शेडचा नियम असा की प्रत्येक बाटलीचं झाकण काढायचंच. झाकणाचं प्लास्टिक वेगळं, बाटलीचं वेगळं. आणि बंद बाटली प्रेसमध्ये गेली तर आतल्या हवेने फुटते, झाकण गोळीसारखं सुटतं. एकदा ते छपराला लागलं होतं, तिथे अजून खळगा आहे. म्हणून झाकणं काढायची, वेगळ्या पोत्यात टाकायची. हे भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय.

आणि मी घरोघर काय शिकवते? की टोकदार काही असेल, ब्लेड असो, सुई असो, तर नुसतं टाकू नका. पिशवी उचलणाऱ्याच्या हातात घुसेल. प्लास्टिकच्या बाटलीत घाला आणि झाकण घट्ट लावा. हेही आमच्याच ऑफिसने छापून दिलंय, वर हसऱ्या बाटलीचं चित्र.

दोन्ही नियम बरोबर. दोघांची कधी गाठ पडली नव्हती. ती पडली धाकटीच्या तळहातात.

"ताई, मी काही चुकीचं केलं का?" तिने विचारलं.

"नाही गं," मी म्हटलं. "तू बरोबरच केलंस. तेच तर."

दवाखाना जवळच होता. डॉक्टरीणबाई तरुण, डोळ्यांखाली काळं, बोलणं सरळ. जखम धुतली, एक गोळी तिथेच पाण्याबरोबर गिळायला लावली. मग विचारलं, "सुई कुणाची?"

आम्ही एकमेकींकडे बघितलं.

"माहीत असेल तर त्या माणसाचं रक्त तपासते. ते स्वच्छ निघालं तर उद्याच सुटका. माहीत नसेल तर रक्तातला रोग लागू नये म्हणून औषध महिनाभर, पुढे तपासण्या, आणि..." त्यांनी धाकटीच्या खांद्यावरच्या झोळीकडे पाहिलं. बाळ उठलं होतं, तोंड वळवून आईचा कुर्ता शोधत होतं. "तोवर बाळाला अंगावर पाजायचं नाही."

"महिनाभर?"

"महिनाभर."

"तो बाटली तोंडात धरत नाही हो. चमचाही थुंकतो."

"म्हणून तर विचारतेय, सुई कुणाची."

बाळाने रडायला सुरुवात केली. धाकटीने त्याला घेतलं आणि लगेच, चटका बसल्यासारखं, लांब धरलं. हात सरळ करून, जशी कुणाची तरी परकी वस्तू. ते मला बघवेना. भिंगरी माझा पदर ओढत होती, "आई, ती त्याला असं का धरते?" मी म्हटलं, "चल, आपल्याला काम आहे."

मग जी पळापळ सुरू झाली ती सांगता सोय नाही. गाडीच्या वाटेवरची सगळी घरं. भिंगरी थोडी चालायची, थोडी कडेवर, थोडी जिन्यात बसून संप करायची. आणि प्रत्येक दारात माझं तेच: "तुमच्याकडे कुणी इंजेक्शन घेतं का?"

आता हे विचारायला सोपं नाही. सुई सुक्या कचऱ्यात सापडली तर दंड आहे, आणि दंडापेक्षा वाईट म्हणजे घराचा नंबर कोपऱ्यावरच्या फळ्यावर लागतो. तो फळाही मीच लिहिते. त्यातून वर मी रक्ताची तपासणी म्हणतेय. कोण हो म्हणणार?

"आमच्याकडे सगळे ठणठणीत," पहिल्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या. त्यांच्या खांद्यावरून मला आतला औषधांचा डबा दिसत होता, बुटांच्या खोक्याएवढा.

शिंपीदादा मशीनवरून उठलेही नाहीत. "सुया? ढीगभर आहेत. पण आम्ही त्या टाकत नाही हो मॅडम, आम्ही हरवतो."

वरच्या मजल्यावरचा कॉलेजातला पोरगा दार अर्धंच उघडून म्हणाला, "आता रक्तपण द्यायचं? ओल्यात की सुक्यात?"

मी हसले. हसल्यावर रडू येईल असं वाटलं म्हणून पटकन पुढचं दार वाजवलं.

गल्ली संपली. दुसरी सुरू झाली. एक आजोबा माझ्याकडे बघतच राहिले, काही बोलणार म्हणून मी थांबले, तर म्हणाले, "पोरीला पाणी दे, ओठ सुकलेत तिचे." खरंच सुकले होते. त्यांनीच दिलं. मी त्यांचंही तोंड संशयाने निरखलं, याची आता लाज वाटते. पण तेव्हा मला सगळ्यांचीच बाही वर करून बघावीशी वाटत होती.

संध्याकाळ व्हायला आली तेव्हा धाकटीचा फोन.

"ताई, सापडला का कुणी?"

"शोधतेय."

मागे बाळाचं रडणं. मोठं रडून झाल्यावर जे घसा बसलेलं, आवाज न उरलेलं रडणं असतं ना, ते.

"पान्हा थांबत नाही हो. कुर्ता भिजलाय. पिळून मोरीत ओतते." मग ती एकदम हसली, वेड्यासारखी. "हे कुठल्या डब्यात जातं, ताई? ओल्याच ना?"

मी फोन ठेवला आणि आमच्या चौकात, चारी बाजूंनी खिडक्या आहेत तिथे मधोमध, उभी राहून ओरडले. एरवी भाजीवाल्याशीही मी हळू बोलते. पण ओरडले.

"ऐका! ज्यांच्या घरी सुया आहेत त्यांनी त्या माझ्या दाराशी आणून ठेवा! दंड नाही! फळ्यावर नंबर नाही! नाव सांगायचं नाही! पण आजच्या गाडीत ज्यांची बाटली गेली त्यांनी फक्त मला येऊन भेटा. एका बाईचं बाळ उपाशी आहे!"

खिडक्या उघडल्या तशाच मिटल्या. घरी पोचले तर सासूबाई दारात.

"दंड माफ करायचा अधिकार तुला कुणी दिला गं?"

"कुणी नाही."

"मग?"

"मग काय. तोंडातून निघून गेलं."

"साहेब नोकरीवरून काढेल."

"काढू दे."

सासूबाई भिंगरीला माझ्या कडेवरून काढून घेत म्हणाल्या, "काढलं तर काढलं. पण पुढच्या वेळी ओरडायचं असलं तर मला सांग. तुझा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचत नाही."

थोड्या वेळाने बेल वाजली. दार उघडलं तर कुणी नाही. पायरीवर एक बाटली. जिन्यात चपलांचा सटासट उतरणारा आवाज. पुन्हा बेल, पुन्हा बाटली. भिंगरीला हा खेळच झाला, बेल वाजली की ती धावायची आणि मी तिच्यामागे, "हात लावू नकोस!" म्हणत. तेलाच्या बाटल्या, शाम्पूच्या, खोकल्याच्या औषधाच्या. पहिल्या मजल्यावरच्या काकूंची तर मी ओळखलीच, तिच्यावर त्यांच्या नातवाने फूल चिकटवलं होतं. सगळ्यांची झाकणं घट्ट. इतकी माणसं रोज स्वतःला टोचून घेतात, आमच्या भिंतीपलीकडे, आणि मला वाटत होतं मी या गल्ल्या ओळखते.

पण भेटायला कुणी येईना.

शेवटी बेल वाजली आणि चपलांचा आवाज झाला नाही. बेकरीवाले काका उभे होते. हे रोज भिंगरीच्या हातात बिस्किट दिल्याशिवाय तिला पुढे जाऊ देत नाहीत. आज रिकाम्या हातांनी. भिंगरीने आधी त्यांच्या उजव्या हाताकडे बघितलं, मग डाव्या.

"काका, बाटली?" मी म्हटलं.

"माझ्याकडे नाही, मॅडम. ती आजच्या गाडीतून तुमच्याकडेच गेलीय."

मी दार पूर्ण उघडलं.

"साखर आहे मला. कित्येक वर्षं. बायकोला सोडून कुणाला माहीत नाही. केक विकणाऱ्यालाच साखर, लोक हसतील, ते हसू दे. पण आजारी माणसाच्या हातची कणीक म्हटल्यावर कोण घेणार? भट्टीत सगळं जळतं हो, संशय नाही जळत." त्यांनी कपाळ पुसलं. "तुम्ही सांगितलं होतं तसंच केलं मी. घट्ट लावा म्हणालात. हाताने लावलं, मग वाटलं, न जाणो, कचरेवाल्या बाईला लागलं तर. म्हणून पकडीने आवळलं."

"पकडीने?"

"बेकरीतली मोठी पकड आहे ना, तिने."

काय बोलणार? माझ्या सगळ्या गल्ल्यांमध्ये एवढ्या मनापासून माझं कुणीच ऐकलं नव्हतं.

"त्या पोरीचं बाळ केवढंय?" त्यांनी विचारलं.

"पालथं पडतंय नुकतं."

त्यांनी वाकून जिन्यात खाली बघितलं. मग म्हणाले, "दवाखान्याला मागचं दार आहे का?"

"एकच आहे, काका."

"बरं," ते म्हणाले. "मग पुढच्याने जाऊ."

आणि गेले. एप्रनसकट, पिठाच्या हातांनी, अख्ख्या गल्लीदेखत. मी शेजारून चालत होते, पण चालत नव्हतेच, तरंगत होते म्हणा.

दुसऱ्या दिवशी उत्तर येईपर्यंत मी धड काही केलं नाही. भाजी करपवली. भिंगरीला उलटा फ्रॉक घातला. तो तिने दिवसभर तसाच मिरवला. शेडमध्ये गेले तर धाकटी तिथेच होती. घरी बसवेना म्हणाली. मुकादमांनी तिला काम करू दिलं नाही, तर ती टेबलाच्या कडेला उभी राहून दुसऱ्यांना सांगत होती, "अगं ती निळी राहिली, ती निळी." बाळ मुकादमांच्या खांद्यावर. मुकादम बाळाला प्रेस कशी चालते ते समजावून सांगत होते, कारण गप्प बसले की ते रडत होतं.

डॉक्टरीणबाईंचा फोन आला तेव्हा माझा हात इतका ओला झाला होता की स्क्रीन दाबली जाईना. धाकटीनेच तो माझ्या हातातून घेतला. ऐकलं. "हो," म्हणाली. "हो. हो." आणि फोन परत माझ्या हातात कोंबून सरळ मुकादमांच्या खांद्यावरून बाळ ओढलं, त्याच क्रेटवर बसली, आणि भर शेडमध्ये त्याला ओढणीखाली घेतलं.

मुकादम झटकन भिंतीकडे वळले. "काय बघताय सगळ्या? झाकणं काढा!" ते ओरडले. नेहमीच्या आवाजात.

आणि मग ते स्वतःच थबकले. बायकाही थबकल्या. टेबलावर बाटल्यांचा ढीग होता. कुणीच हात पुढे करेना.

"आधी उजेडाला धरून बघा," मुकादम जरा खालच्या आवाजात म्हणाले.

"रंगीत असली तर?" एकीने विचारलं.

मुकादमांनी एक हिरवी बाटली उचलली, उजेडाला धरली आणि परत ढिगात ठेवली.

माझ्या घरातल्या बाटल्यांचं काय करायचं, हे मी त्याच दिवशी विचारायला निघाले. दवाखान्यात म्हणाले, "आमच्या सुया आमच्या. त्या जाळायला गाडी येते, पण ती मोजून नेते. घरच्या सुया नाही घेत." ऑफिसात साहेबांनी आधी दंडावरून फैलावर घेतलं, ते मी ऐकून घेतलं, नोकरीवरून काही काढलं नाही, कारण या गल्ल्या दुसरं कुणी घेणार नव्हतं. मग मी विचारलं.

"घरगुती धोकादायक कचरा," साहेब म्हणाले. "त्याचं धोरण येतंय."

"कधी?"

"वाटेवर आहे."

"तोवर लोकांनी काय करायचं?"

"तोवर आहे तेच सांगा. बाटलीत घाला, झाकण घट्ट."

"आणि शेडमध्ये?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. पुसलेला चष्मा पुन्हा पुसला. "तिथला विभाग वेगळा आहे," ते म्हणाले.

मी परत आले. बाटल्या कपाटावर ठेवल्या, भिंगरीचा हात पोचणार नाही अशा. सासूबाई खालून बघत म्हणाल्या, "छान. पाहुणे आले की विचारतील, लोणची का घातलीत इतकी." पण त्यांनीच त्यावर जुनी चादर टाकून दिली, आणि चादर सरकू नये म्हणून कडेने वजनं ठेवली.

संध्याकाळी भिंगरीला न्हाऊ घालत होते. केसांत फेस, डोळे घट्ट मिटलेले. उद्या मला नव्या गल्लीत जायचं होतं, तिथे अजून कुणालाच काही शिकवलेलं नाही. मनात मी तेच रोजचं बोलणं जुळवत होते: ओलं हे, सुकं हे. आणि टोकदार. तिथे आले की शब्द अडत होते. सांगितलं तर धाकटीच्या हातात. नाही सांगितलं तर पिशवी उचलणाऱ्याच्या हातात. मी भिंगरीच्या डोक्यावर पाणी ओतायचं विसरले.

"आई, पाणी."

ओतलं. तिने डोळे उघडले. पापण्यांना थेंब लटकलेले. काल दुपारपासून कडेवरून सगळं ऐकत होती, दारं, जिने, दवाखाना, शेड. मला वाटलं होतं कंटाळलीय.

"झाकण घट्ट लावलं म्हणून मावशीला लागलं ना?"

"हो बाळा."

"आणि सैल लावलं तर दुसऱ्या कुणाला लागेल ना?"

"हो."

तिने ओल्या बोटाने माझ्या गालावरचा फेस पुसला.

"मग उद्या तू सगळ्यांना काय शिकवणार?"